वरात दारात लागेपर्यंत

आत्माराम शिवलकरांनी उभ्या आयुष्यात कोणाच्याही वाजवण्याला 'छान' म्हटलं नव्हतं. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, जिथे चढ सुरू होतो, तिथे त्यांचं चिऱ्याचं घर आणि घराच्या पडवीत त्यांच्या ब्रास बँडची तालीम. चाळीस वर्षं तिथे माणसं ट्रम्पेट, ढोल, क्लॅरिनेट घेऊन आली, घामाघूम होऊन वाजवून गेली आणि जाताना प्रत्येकाच्या हातात एकेक चूक पडली. "तिसऱ्या ओळीत घाई केलीस." "श्वास चोरलास." "ढोल वाजवतोस की दार ठोठावतोस रे?" शाबासकी दिली की वाजवणाऱ्याचा दम ढिला पडतो, असं त्यांचं ठाम मत होतं. बरं, हे फक्त बँडपुरतं असतं तर ठीक. पण बायकोच्या आमटीपासून टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईपर्यंत कोणाचीच सुटका नव्हती.

मग पोटच्या मुलाची कुठून होणार? त्यांच्या नातीचे, योगिनीचे पप्पा, सुजय शिवलकर, आजोबांच्याच पडवीत क्लॅरिनेट शिकले. तिथून गोव्याच्या हॉटेलांत सॅक्सोफोन, मग दोन वर्षं बोटीवर आणि गेली तीन वर्षं थेट चीनमध्ये जॅझ. दर रविवारी दुपारी त्यांचा फोन यायचा. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. आपलं व्हॉट्सॲप तिथे सरळ चालत नाही म्हणून पप्पा फोनवर कसलीशी खटपट करायचे. त्यात कधी चित्र गोठायचं, कधी आवाज बुडायचा, पण आजोबांची चूक तेवढी बरोब्बर पोचायची.

योगिनीला त्या फोनांचं वेड होतं. दहावीच्या अख्ख्या वर्गात ज्याचा बाप चीनमध्ये सॅक्सोफोन वाजवतो असं दुसरं कोण होतं? चोंगचिंग नावाच्या शहरात रस्त्यावरून सरळ इमारतीत शिरलं तर आपण दहाव्या मजल्यावर असतो, असं पप्पा सांगायचे, आणि तिथली मेट्रो म्हणे एका इमारतीच्या पोटातूनच जाते.

"त्यात काय मोठं?" आजोबा म्हणाले. "आपल्याकडे वरच्या रस्त्याने आलास तर कौलांवर, खालून आलास तर पडवीत."

चेंगडूला चहापानाच्या बागांत कान साफ करणारे लोक हातात चिमट्यासारखं काहीतरी टणकन वाजवत फिरतात. पप्पांनी तो आवाज रेकॉर्ड करून पाठवला. आजोबांनी फोन कानाला लावला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "कोमल धैवत. आणि तोही उतरलेला." कान कोरणाऱ्यालासुद्धा सोडलं नाही!

आणि गंमत म्हणजे तिथले वादक सूर आकड्यांत लिहितात. सा म्हणजे एक, रे म्हणजे दोन. पप्पांनी आजोबांच्या सरगमच्या वहीतली एक चाल अर्ध्या तासात आकड्यांत उतरवली आणि पियानोवाल्या लिनने ती समोर ठेवून बिनचूक वाजवली. आजोबा दोन दिवस त्याच धुंदीत होते, पण फोनवर काय म्हणाले? "त्या लिनला सांग, डावा हात जड आहे."

पण सगळंच काही असं मजेचं नव्हतं. तीन वर्षं पप्पा हॉटेलांच्या लॉबीत वाजवत होते. माणसं येतात, नूडल्स खातात, फोनवर बोलतात, वाढदिवस असला की केक येतो आणि मग वाढदिवसाचं गाणं वाजवायचं. "आम्ही तिथे कुंडीतल्या झाडासारखे असतो गं," पप्पा एकदा म्हणाले होते. "नसलो तर जागा रिकामी दिसते, असलो तर कोणी बघत नाही." ताशी तीनशेच्या वेगाने पळणाऱ्या गाडीत सॅक्सोफोन मांडीवर घेऊन ते शेनझेन, वूहान, चेंगडू करत फिरले. घरी येऊन दीड वर्ष झालं होतं.

म्हणून डिसेंबरातला तो शनिवार मोठा होता. शांघायमध्ये एक छोटं सभागृह, तिकीट काढून आलेली दोनशे माणसं, समोर जेवणाची टेबलं नाहीत. पप्पांचा स्वतःच्या नावाचा पहिला कार्यक्रम. तो जमला तर पुढे चार शहरांचा दौरा मिळणार होता, नाही जमला तर परत लॉबीतली कुंडी. स्वतःच्या नावाचा म्हणजे तसा नव्हेच, कारण पोस्टर करणाऱ्या मुलीने पासपोर्टवरचं मधलं नाव उचलून वर ठळक छापलं होतं, 'आत्माराम क्वार्टेट'. पप्पांनी ते दुरुस्त करायला सांगितलं नाही.

"माझं नाव कशाला?" आजोबा त्याआधीच्या रविवारी फोनवर खेकसले. "तू चुकलास की शिव्या मला!"

"म्हणूनच ठेवलंय बाबा. तुम्ही ऐकत बसलात की मी चुकणार नाही. आणि पहिल्या भागाच्या शेवटी तुमची दारातली चाल घेतोय."

दारातली चाल म्हणजे आजोबांनी स्वतः बांधलेली. नवऱ्यामुलाची वरात मुलीच्या मांडवापाशी, अगदी दारात पोचली की त्यांचा बँड ती वाजवायचा. आजोबा फोन योगिनीच्या हातात देऊन परसात गेले आणि बराच वेळ उगाच शेवग्याच्या झाडाकडे बघत राहिले.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता ते गेले.

योगिनी शाळेत होती. पूर्वपरीक्षेचा भूगोलाचा पेपर नुकता हातात आला होता. धाकूकाका, म्हणजे पप्पांचे चुलत भाऊ, स्कूटरवरून तिला न्यायला आले आणि वाटेत एक शब्द बोलले नाहीत. धाकूकाका गप्प बसलेले तिने जन्मात पाहिले नव्हते, त्यामुळे तिला भगवती बंदराच्या वळणावरच सगळं कळलं. चहा पिऊन आजोबा खुर्चीत बसले होते, आजीला म्हणाले, "आज चहात आलं जास्त झालंय," आणि मान कलली. बस, एवढंच. डॉक्टर आले ते नाडी बघायला नाही, कागद लिहायलाच.

घरात माणसं जमली, आणि प्रश्न उभा राहिला तो सुजयला कळवायचा.

"मी फोन लावते," योगिनीची आई नम्रता म्हणाली. ती बंदरावर बर्फाच्या कारखान्यात हिशेबनीस होती, ऑफिसातून तशीच धावत आली होती. "ते निघतील लगेच."

"कधी पोचेल?" आजीने विचारलं. आजी भिंतीला टेकून बसली होती. डोळे कोरडे होते आणि आवाजही.

"विमान, मग पुढे गाडी... परवा रात्रीपर्यंत."

"तोपर्यंत बर्फ मागवता येईल काकी," कोणीतरी मागून म्हणालं. "वहिनींच्याच कारखान्यातून."

आजीने मान वर केली. "बर्फात ठेवायला तो काय सुरमई आहे?"

मग आजी सावकाश बोलली, आणि ती काय म्हणते ते कळायला योगिनीला थोडा वेळ लागला. आजीचं म्हणणं असं. अग्नीला सुजय पोचत नाही तो नाहीच. दहाव्याला पोचेल. बातमी कानावर पडली की सुतक लागतं, आणि सुतकात वाद्याला हात लावायचा नाही, हे या घरात कोणी मोडलेलं नाही. आज कळवलं तर शनिवार बुडाला. आणि बँडवाल्यांचा एक कायदा असतो, तो आजोबांनीच चाळीस वर्षं पाळला. माणूस वाजवत चालला असेल तर घरची बातमी त्याला रस्त्यात द्यायची नाही. वरात दारात लागू दे, त्याच्या तोंडातून वाद्य निघू दे, पाणी पाजा, मग सांगा.

"माझ्या पोराची वरात शनिवारी दारात लागतेय," आजी म्हणाली. "तोपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही."

"आई, त्यांचे वडील आहेत हो ते," नम्रता कळवळून म्हणाली. "त्यांचा हक्क आहे. पुढे कळल्यावर आपल्याला विचारतील ना ते?"

"विचारू दे. मी आहे उत्तर द्यायला."

संध्याकाळी धाकूकाकांनी अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते डोक्याचा चकोट करून, हातात फोन घेऊन एकेका नातेवाइकाला बजावत बसले. स्टेटस ठेवू नका. फोटो टाकू नका. बँडच्या पोरांनी तर नाक्यावर लावायला 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा हा एवढा मोठा बॅनर छापायला दिला होता, तो थांबवायला काका स्वतः धावले. "मेल्यांनो, रविवारी लावा. चार दिवस उशीर झाला म्हणून आत्मारामतात्या काय उठून बसणार आहेत?" हे म्हणताना काका हसले आणि हसता हसता छापखान्याच्या पायरीवरच रडायला लागले.

राहता राहिला पप्पांचा फोन. तो उचलायचं काम योगिनीवर आलं. नम्रताचा आवाज फोनवर दोन शब्दांत फुटला असता, आजीला फोनचं काही कळत नसे. आणि योगिनीने गेल्याच महिन्यात स्नेहसंमेलनात नाटकात काम करून बक्षीस मिळवलं होतं. शाळेत वर्ष-दोन वर्षं शेवटच्या बाकावर तोंड लपवून बसणारी ही मुलगी रंगमंचावर उभी राहिली तेव्हा सगळे बघतच राहिले. तेव्हापासून तिला वाटायचं, आपण काहीही करू शकतो.

"जमेल ना गो?" आजीने विचारलं.

"जमेल," ती म्हणाली. आणि तिला खरंच तसं वाटलं होतं. तिची मैत्रीण शमिका बुधवारी भेटायला आली तेव्हा योगिनीने तिला सांगितलंसुद्धा, नाटकात रडायचं होतं, इथे न रडायचं आहे, उलट सोपं.

"मला नाही सोपं वाटत," शमिका म्हणाली. "नाटकात समोरच्याला माहीत असतं, हे नाटक आहे."

गुरुवारी संध्याकाळी अवचित पप्पांचा फोन आला. घरात समाचाराला आलेल्या बायका बसल्या होत्या. योगिनी फोन घेऊन परसात पळाली, विहिरीच्या कठड्यापाशी, जिथून घरातला आवाज ऐकू येत नाही.

"काय गं, धापा का टाकतेस?"

"पळत आले. क्लासवरून आत्ताच."

"हे बघ!" पप्पांनी फोन फिरवला. मागे उंच उंच काचेच्या इमारती, पाण्यात पडलेले निळे-जांभळे दिवे, आणि भिंतीवर चिकटवलेलं पोस्टर. 'आत्माराम क्वार्टेट'. पप्पांनी थंडीसाठी कानटोपी घातली होती आणि ते लहान मुलासारखे दिसत होते. "दोनशेच्या दोनशे तिकिटं गेली! बाबांना सांग. कुठे आहेत?"

"झोपलेत."

"यावेळी? बरं नाही का?"

"बरं आहे." योगिनीचा हात कठड्यावरच्या शेवाळावर होता. तो तिने घट्ट दाबला. "दुपारी बँडची पोरं आली होती. दमले."

"ओरडून दमले म्हण," पप्पा हसले. "झोपू दे. शनिवारी मात्र समोर बसवायचं त्यांना. आमची आवाजवाली मुलगी आहे, मेई, ती माझा फोन स्टँडवर लावून ठेवणार आहे, तुमच्या साडेसहाला. आणि ऐक, मध्यंतरात मी स्वतः बोलणार. त्यांनी पहिल्या भागातली चूक सांगितल्याशिवाय मला दुसरा भाग वाजवता येणार नाही."

फोन ठेवल्यावर योगिनी विहिरीपाशीच बसून राहिली. थाप तर मस्त जमली होती. एक शब्द अडखळला नव्हता. आणि आपल्याला हे इतकं छान जमलं याचाच तिला असा काही राग आला, की तिने पायातली चप्पल काढून समोरच्या पेरूच्या झाडावर भिरकावली.

रात्री जेवताना ती म्हणाली, "आजी, सांगून टाकू या ना."

"दोन दिवस गो बाय."

"ते आजोबांसाठी वाजवणार आहेत. आजोबा नाहीतच तर..."

"म्हणूनच," आजी म्हणाली. "एकदा तरी त्याने बापासाठी वाजवू दे. कळल्यावर वाजवेल ते मढ्यासाठी. आज वाजवेल ते बापासाठी."

योगिनीने आणि आईने एकमेकींकडे पाहिलं आणि ताटातला भात चिवडत राहिल्या.

शनिवारी साडेसहाला दिवेलागण झाली तेव्हा पडवीचं दार लावलेलं होतं. सुतकाच्या घरात बाजा वाजतोय म्हणून उद्या सगळा मिरकरवाडा बोलला असता. "आपण वाजवत नाहीयोत," आजी म्हणाली. "ऐकतोय. ऐकायला सुतक कोणी सांगितलंय?" कोपऱ्यात, जिथे आजोबांची खुर्ची असायची, तिथे पणती तेवत होती. तिच्याजवळ कोणी बसलं नाही. आजी, नम्रता आणि योगिनी चटईवर बसल्या, तुळतुळीत डोक्याचे धाकूकाका लांब भिंतीशी. फोन स्टुलावर तांब्याला टेकवून ठेवला. "नेट जातंय, मी आमचा व्हिडिओ बंद ठेवते," असं योगिनीने आधीच लिहून पाठवलं होतं. आणि मध्यंतरासाठी एक चूकही तिने तयार ठेवली होती. आजोबांच्याच आवाजात म्हणून बघितली होती. 'सुरुवातीला घाई. बूट चावत होते काय रे?' अगदी हुबेहूब.

पडद्यावर अंधार, मग मंद पिवळा उजेड, आणि काळ्या कोटात पप्पा. मागे लिन पियानोवर, एक उंच माणूस त्याच्याहून उंच बास घेऊन उभा, एक पोरसवदा ड्रमवाला. पप्पांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

आजोबा म्हणायचे, जॅझ म्हणजे सगळ्यांनी मिळून मुखडा वाजवायचा, मग एकेकाने आपल्या घरी जाऊन यायचं आणि पुन्हा मुखड्यावर भेटायचं. योगिनीला त्यापलीकडे जॅझ कळत नव्हता. पण पप्पा 'घरी' जायला लागले तेव्हा ते कुठून कुठे चाललेत ते तिला दिसायला लागलं. दोनशे माणसांतलं कोणी खोकत नव्हतं. एक सूर त्यांनी इतका लांब धरला की नम्रताने स्वतःचाच श्वास रोखला. आणि मग शेवटी दारातली चाल आली. आधी नुसता सॅक्सोफोन, हळू, जणू वरात अजून वळणापलीकडे आहे. मग लिनने खालून धरलं, ड्रम आले, आणि ती चाल, जी या पडवीत योगिनीने ढोलाच्या दणदणाटात हजारदा ऐकली होती, ती समुद्रापलीकडच्या त्या अनोळखी माणसांच्या मधून चालत चालत दारात येऊन उभी राहिली.

टाळ्या थांबेनात. आजीने पदर तोंडात कोंबला. काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

पडदा हलला. पप्पांनी फोन स्टँडवरून काढून हातात घेतला होता. योगिनीने पटकन फोन उचलला आणि परसदारी गेली. पप्पांचं कपाळ घामाने चमकत होतं. "ऐकलंत? आवाज नीट आला? योगू, बाबा ऐकतायत ना? काय म्हणाले?"

वाक्य जिभेवर तयार होतं. सुरुवातीला घाई, बूट चावत होते काय. एवढंच तर म्हणायचं होतं. पण समोर तो चेहरा होता. चाळीस वर्षांचा माणूस, निकालाच्या दिवशी फळ्यापाशी उभ्या पोरासारखा, भुवया उंचावून, ओठ अर्धे उघडे. आणि योगिनीला वाटलं, आता आजोबा कधीच 'छान' म्हणणार नाहीत. या माणसाला ते आता जन्मात मिळणार नाही. मीच एक आहे जी देऊ शकते. आज. आत्ता. एवढं सुंदर वाजवल्यावर याला चूक कशी सांगायची?

"आजोबा म्हणाले, खूप छान वाजवलंस," ती म्हणाली. "म्हणाले, एकही चूक नाही. माझ्यापेक्षा चांगलं."

पप्पा हसत होते. मग ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्याच्या मागे कोणी नव्हतं.

"बाबा असं म्हणाले?"

"हो."

तिकडे मागून कोणीतरी काहीतरी बोललं, चिनीत, हसत. पप्पांनी तिकडे पाहिलं नाही.

"कधी गेले, योगिनी?"

सगळं नाटक, सगळं बक्षीस, कुठे गेलं कोण जाणे.

"योगू. कधी?"

"मंगळवारी," ती म्हणाली. "सकाळी अकराला."

पप्पांनी मान हलवली, जसं कोणी गाडीची वेळ सांगितल्यावर हलवतात. "अग्नी?"

"धाकूकाकांनी दिला."

"बरं." मेईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, दुसऱ्या भागाची वेळ झाली होती. पप्पांनी फोन पुन्हा स्टँडवर लावला. तो तिरका बसला होता, तो त्यांनी सरळ केला. मग त्यांची पाठ दिसली, चालत जाताना.

योगिनी आत आली आणि फोन तांब्याला टेकवून ठेवला. तिने कोणालाही काही सांगितलं नाही.

दुसरा भाग सुरू झाला. पियानो, बास, ड्रम. मुखड्याची वेळ आली आणि पप्पा उभे राहिले, सॅक्सोफोन गळ्यात, दोन्ही हात खाली. तो त्यांनी ओठांना लावला नाही. लिनने एकदा वळून पाहिलं. मुखडा पुन्हा आला. पप्पा तसेच. लिन काय समजला कोण जाणे, पण त्याने डावा हात उचलून घेतला, बास हळू झाला, आणि ते तिघे जण पप्पांच्या जागेच्या कडेकडेने वाजवत राहिले. जिथे सॅक्सोफोन असायला हवा तिथे काही नव्हतं, आणि ते काही नसणं एवढं मोठ्याने ऐकू येत होतं की योगिनीने कानांवर हात ठेवले.

"वाजवत का नाहीये गो तो?" आजी पुढे सरकली. "नेट गेलं काय? आवाज वाढव."

"आवाज आहे आजी."

"मग?"

"त्यांना कळलं."

आजीने तिच्याकडे पाहिलं. "तू सांगितलंस?"

"नाही. मी... मी म्हटलं, आजोबा म्हणाले छान वाजवलं."

मग आजीच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज आला, आणि तो हसण्याचा आहे हे कळेपर्यंत त्याचं रडणं झालं होतं. चार दिवसांत पहिल्यांदा. "अगो बाय माझी," ती छाती पिटत म्हणाली, "बावन्न वर्षं माझ्या हातची आमटी खाल्ली त्याने. एकदा 'बरी' म्हणाला नाही. छान म्हणाला म्हणून कोणाला सांगायला गेलीस गो तू!" नम्रताने तिला धरलं. काका उठून आले आणि कॅमेरा बंद आहे हे विसरून, आपलं डोकं दिसू नये म्हणून फोनसमोरून वाकून आले.

पडद्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. पप्पांनी नमस्कार केला, गळ्यातून सॅक्सोफोन काढला आणि फोन बंद झाला.

पप्पा मंगळवारी सकाळच्या गाडीने आले. रत्नागिरी स्टेशनवरून रिक्षाने, एकच बॅग घेऊन. सॅक्सोफोन लिनकडे ठेवला होता. दौऱ्याचं काय झालं ते कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आजीच्या पायांशी बसले, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आजी उत्तर द्यायला तयार होती, मागच्या मंगळवारपासून तयार होती, पण त्यांनी तिला काही विचारलंच नाही. विहिरीवर थंड पाण्याने आंघोळ केली, धाकूकाकांशी दहाव्याचं बोलले. योगिनीशी मात्र काही बोलले नाहीत. रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला दिवसभर वाटत राहिलं.

चार वाजता ते पडवीत आले. ती चटईच्या कडेला पुस्तक उघडून बसली होती.

"सांग," ते म्हणाले.

"काय?"

"सगळं. मंगळवारपासून."

तिने सांगितलं. चहातलं आलं. सदरा कुठला होता, तर निळ्या रेघांचा. तोंड उघडं होतं का? थोडंसं. खांदा कोणी कोणी दिला, बँडची पोरं कशी रांगेत उभी होती, कोणी वाजवलं नाही, नुसती वाद्यं हातात धरून चालली. बुधवार. बॅनरची गोष्ट, त्यावर ते किंचित हसले. गुरुवार, विहिरीपाशी. "क्लास नव्हता," ती म्हणाली, आणि ते म्हणाले, "हं." शुक्रवार. सांगत सांगत ती शनिवारच्या साडेसहाला आली आणि थांबली.

"पुढचं तुम्हाला माहीत आहे."

"नाही," पप्पा म्हणाले. "तेच तर माहीत नाही. मी तिकडे तासभर वाजवलं. तो पहिला भाग मी कोणासाठी वाजवला गं?"

माफ करा म्हणावं की आम्ही होतो ना म्हणावं, तिला कळेना. दोन्हीही खोटं वाटलं असतं.

"कुठे बसला होतात तुम्ही?" त्यांनी विचारलं.

तिने दाखवलं. आजी इथे, आई इथे, मी इथे, काका त्या भिंतीशी.

"आणि फोन?"

"त्या स्टुलावर."

पप्पा उठले. स्टूल त्यांनी बाजूला सरकवलं आणि त्या जागी जमिनीवर मांडी घालून बसले, चटईकडे तोंड करून. एकेका जागेकडे बघत राहिले. आजीची जागा, आईची जागा, भिंत, मग कोपऱ्यातली पणती. तिथे त्यांची नजर खूप वेळ होती. योगिनी आपल्या जागेवरून हलली नाही.